रागावलेली बायको, एकूण सहा प्रकार

नवऱ्याच्या अंत्यविधीच्या दिवशी सकाळी बाईनं काय करावं? रडावं. रडू येत नसेल तर निदान गप्प बसावं. फुसाए कुराशिना मात्र सभागृहाच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती आणि अंत्यविधीची व्यवस्था बघणाऱ्या इवासेला फैलावर घेत होती.

"हे काय आहे?"

"यंत्र आहे, बाईसाहेब," इवासे मान खाली घालून म्हणाला.

"यंत्र आहे ते दिसतंय मला. अख्खा जन्म गेला माझा असल्या यंत्रांपायी. ते इथं काय करतंय, ते सांगा!"

लालभडक, छातीएवढं उंच यंत्र. नाणं टाकायचं, मूठ फिरवायची, खडखड करत प्लास्टिकचा एक गोळा खाली पडायचा आणि त्यातून अंगठ्याएवढं खेळणं निघायचं. सुपरमार्केटच्या दारात, स्टेशनच्या कोपऱ्यात अशी यंत्रं रांगेनं उभी असतात, त्यांना कोण काय म्हणणार? पण इथं एका बाजूला पांढऱ्या शेवंतीची आरास, उदबत्त्यांचा धूर, काळ्या पट्टीतला फोटो, आणि दुसऱ्या बाजूला हे लाल धूड!

"साहेब स्वतः येऊन सांगून गेले होते," इवासे म्हणाला. "दवाखान्यातून एका दिवसाची सुट्टी मिळाली होती ना त्यांना, तेव्हा. म्हणाले, परतभेट म्हणून चहाचा डबा द्यायचा नाही. जो कोणी सांत्वनाच्या पैशांचं पाकीट घेऊन येईल त्याला एक बिल्ला द्यायचा. बिल्ला टाकायचा, मूठ फिरवायची, निघेल ती परतभेट. मी शब्द दिलाय, बाईसाहेब."

"त्या दिवशी मला म्हणाले, केस कापून येतो!"

"केसही कापले होते," इवासे हळूच म्हणाला.

फुसाएनं कपाळाला हात लावला. फोटोतला तोकुजी दात काढून हसत होता. फोटोसुद्धा त्यानंच निवडून ठेवलेला. दुसरा एकही धड फोटो म्हणून घरात सापडला नव्हता. सगळ्यांत एकतर त्याचे डोळे मिटलेले, नाहीतर डोक्यावर काहीतरी ठेवलेलं.

तोकुजी खेळण्यांच्या एका छोट्या कंपनीत असल्या गोळ्यांतली खेळणी सुचवायचं काम करायचा. सुचवायचं म्हणजे काय, तर गरम पाण्याच्या कुंडात डोक्यावर टॉवेल ठेवून बसलेला मुळा. कामावरून थकून आलेला, टाय सैल केलेला बटाटा. बूट चावतात म्हणून रडणारं कबूतर. असल्या गोष्टींवर मोठमोठी माणसं बैठका घेतात, मुळ्याला घाम किती दाखवायचा यावर वाद घालतात आणि पगार घेऊन घरी येतात, हे फुसाएला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून कळलं नव्हतं आणि आजही कळत नव्हतं. घरात पाऊल टाकावं तर पायाखाली बटाटा. कपडे धुवायला घ्यावेत तर खिशात कबूतर. मूलबाळ नव्हतं, तरी घरभर खेळणी!

तेही एकवेळ चाललं असतं. पण आज थोरले भाऊजी येणार होते.

काइचिरो कुराशिना, तोकुजीचा मोठा भाऊ. मात्सुमोतो शहरात त्यांचा पिढीजात मिसोचा, म्हणजे सोयाबीन आंबवून केलेल्या मसाल्याचा कारखाना. माणूस असा की त्यांच्यासमोर मिसोच्या पिंपांनीसुद्धा ताठ उभं राहावं. आईच्या तेराव्या वर्षाच्या श्राद्धाला तोकुजीनं आईच्या फोटोपुढे तो कुंडातला मुळा नेऊन ठेवला होता. आईला मुळा आवडायचा म्हणे. काइचिरोंनी सगळ्या पाहुण्यांसमोर तो उचलून अंगणात भिरकावला आणि म्हणाले, "पुन्हा या घरात पाय ठेवू नकोस." तोकुजीनं ठेवला नाही. फोन नाही, नववर्षाचं कार्ड नाही, काही नाही.

आणि दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात हा माणूस फुसाएचा हात धरून काय म्हणाला? "मला आईच्या शेजारी ठेव. दादाला विचार."

विचार! म्हणजे फुसाएनं विचारायचं. कुटुंबाची समाधी थोरल्याची, धाकट्यानं आपली वेगळी बांधायची, ही रीत. पण वेगळी बांधून तिची झाडलोट कोण करणार? ना मुलगा, ना मुलगी. काइचिरो नाही म्हणाले तर एकच वाट होती. देवळामागच्या सामाईक खड्ड्यात अस्थी ओतायच्या, शेकडो अनोळखी लोकांच्या अस्थींत. तिथून पुन्हा कोणाला वेगळं काढता येत नाही. हे बोलताना तोकुजी रडला होता. असा रडलेला तिनं त्याला कधी पाहिलाच नव्हता. म्हणून तिनं मनाशी पक्कं केलं होतं: आजचा एक दिवस सगळं रीतीला धरून, गंभीरपणे, कुणाला बोट ठेवायला जागा न देता पार पाडायचं. मग भाऊजींच्या पाया पडायचं आणि विचारायचं.

आणि हा बाबा मेल्यावरसुद्धा घोळ घालून गेला!

"हलवा ते," फुसाए म्हणाली.

"शब्द दिलाय..."

"मग झाका! त्या शेवंतीच्या मोठ्या चक्रामागे सरकवा. आत्ता. भाऊजी यायच्या आत."

इवासेनं दोन माणसं बोलावली. यंत्र चक्रामागे गेलं, पण त्याचं लाल डोकं वर दिसतच राहिलं. त्यावर पांढरं फडकं टाकलं तर ते आणखीच नजरेत भरायला लागलं, फुलांमागे कोणी लपून बसल्यासारखं. शेवटी फडकं काढलं आणि फुसाए एवढंच म्हणाली, "कोणालाही काही सांगायचं नाही."

तेही जमलं नाही. पाकिटं घ्यायला दाराशी पूर्वी तोकुजीच्या हाताखाली काम केलेली कानोको बसली होती. गुणी मुलगी, काळ्या कपड्यांत, डोळे सुजलेले. पाहुणा आला की ती दोन्ही हातांनी पाकीट घ्यायची, वाकायची आणि दोन्ही हातांनी एक पितळी बिल्ला द्यायची. "कृपया मागच्या बाजूला," असं म्हणून हुंदका द्यायची. परतभेट नाकारणं म्हणजे मेलेल्या माणसाचा अपमान, तेव्हा कोणी नाही म्हणणार कसं? माणसं गोंधळून फुलांच्या चक्रामागे जायची. खडखड, खडखड, टुप्.

"कानोको!" फुसाए दातओठ खात कुजबुजली. "अगं, काय चालवलंयस?"

"काकू, सरांनी माझ्याकडून वचन घेतलंय."

"सगळ्यांकडून वचनं घेऊन ठेवलीत! माझ्याकडून तेवढं घ्यायचं राहिलं!"

"तुम्ही दिलं नसतं, असं सर म्हणाले."

दिलं नसतंच.

तेवढ्यात चक्रामागून एक फस्सदिशी हसू ऐकू आलं आणि लगेच खोकल्यात बुडालं. शेजारच्या ओगिवाराकाकू बाहेर आल्या. त्यांचा चेहरा दुखवट्याला आलेल्या बाईचा राहिला नव्हता. ओठ घट्ट मिटलेले, खांदे हलतायत.

"फुसाएताई... माफ करा... पण हे..."

त्यांच्या तळहातावर अंगठ्याएवढी बाई होती. राखाडी केसांचा अंबाडा, डावा पाय उजव्या पायावर ठेवलेला, एका हातात पुरुषाची पँट उलटी धरलेली, आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीत, डोळ्यांना नीट बघावं लागेल एवढं बारीक, एक कबूतर. कपाळावर तीन आठ्या. तोंड उघडं. ओरडत होती.

फुसाएनं ती ओळखली. कशी ओळखणार नाही? तिचाच एप्रन होता, निळ्या चौकड्यांचा, खिशाला डाग असलेला. डागसुद्धा रंगवला होता.

"हे... मी आहे?"

"खाली नाव लिहिलंय," ओगिवाराकाकू कशाबशा म्हणाल्या. "'रागावलेली बायको. एकूण सहा प्रकार.'"

फुसाएच्या अंगाचा तिळपापड झाला. मुळा नाही, बटाटा नाही. ती! स्वतःच्या नवऱ्याच्या प्रेताशेजारी तिचं खेळणं करून वाटलं जात होतं! ती चक्राकडे धावली, पण तोवर उशीर झाला होता. काळ्या कोटातले पुरुष, मोत्यांच्या माळा घातलेल्या बायका, सगळ्यांच्या हातांत ती. फ्रीजचं दार उघडून आत बघत उसासा टाकणारी ती. टेबलाखाली वाकून कोणाला तरी चपलेनं ढोसणारी ती. फोन खांद्यात धरून ओटा पुसणारी ती. खाली शेगडी असलेल्या टेबलाच्या दुलईत झोपलेली ती, झोपेतही आठ्या तशाच.

"मला दोन फ्रीजवाल्या आल्या," दोन पाकिटं घेऊन आलेले कंपनीचे एक गृहस्थ शेजाऱ्याला हळूच म्हणत होते. "झोपलेली कोणाकडे जास्तीची आहे का?"

"शू! बाईसाहेब आल्या!"

सगळे एकदम वाकले. वाकलेल्या माणसांच्या मुठी घट्ट मिटलेल्या. फुसाएला वाटलं, जमीन दुभंगावी आणि हे यंत्र त्यात पडावं. वर तोकुजीही.

आणि बरोब्बर त्याच वेळी काइचिरो आले.

पांढरे केस, हातात काठी, पाठ अजून ताठ. त्यांनी कानोकोला पाकीट दिलं, बिल्ला घेतला, उलटसुलट करून पाहिला. कानोको म्हणाली, "कृपया मागच्या बाजूला." ते गेले. खडखड, टुप्. काइचिरो गोळा तसाच न उघडता मुठीत धरून बाहेर आले आणि एक शब्दही न बोलता पहिल्या रांगेत जाऊन बसले. हे तर ओरडण्यापेक्षाही वाईट होतं.

मंत्रपठण सुरू झालं. भिक्षूंचा आवाज खणखणीत होता, पण फुसाएच्या कानात काहीच शिरत नव्हतं. मध्येच मागून कोणाच्या तरी मांडीवरून एक गोळा निसटला आणि टक, टक, टक करत रांगांमधून घरंगळत थेट शवपेटीपर्यंत आला. भिक्षू थांबले नाहीत. काइचिरोंनी मान वळवून त्या गोळ्याकडे पाहिलं. गोळ्यात चप्पलवाली होती.

पठण संपलं. आता पेटीत फुलं ठेवायची, शेवटचा निरोप घ्यायचा आणि झाकण लावून पेटी दहनाला न्यायची. फुसाए उठली, काइचिरोंच्या समोर गेली, कमरेत वाकली. ठरवलेलं वाक्य तिनं रात्रीतून इतक्या वेळा घोकलं होतं की ते आपोआप तोंडातून निघालं. "भाऊजी, यांची शेवटची इच्छा होती, आईंच्या शेजारी..."

"नाही," काइचिरो म्हणाले.

ती वाकलेलीच राहिली.

"परतभेट म्हणजे चहा द्यावा, खायचं सुकं शेवाळ द्यावं," काइचिरो म्हणाले. आवाज चढलेला नव्हता, पण सगळं सभागृह ऐकत होतं. "चार दिवसांत खाऊन-पिऊन संपावं. दुःख लोकांच्या घरात साठून राहू नये, म्हणून ही रीत. लहान पोरालाही कळतं. आणि यानं काय दिलं? प्लास्टिक! म्हातारा झाला तरी याची थट्टा सुटली नाही. आईच्या फोटोची थट्टा, आता स्वतःच्या मरणाची थट्टा. आणि तुमची, फुसाए. तुमचं हसं करून गेला तो भर सभेत. अशा माणसाला मी आईच्या शेजारी ठेवू? आयुष्यभर या गाढवानं दुसरं केलं काय?"

फुसाए सरळ उभी राहिली.

खरं तर यातला शब्दन् शब्द तिचाच होता. गाढव हा शब्द तर तिचा रोजचा. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकला आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली.

"माझ्या नवऱ्याला शिव्या द्यायच्या तर मी देईन!" ती म्हणाली. "तुम्ही नाही! तुम्ही इतकी वर्षं होतात कुठे? त्यांच्या खिशातली कबुतरं तुम्ही काढलीत? रात्री पायाखाली बटाटा आला म्हणून तुम्ही पडलात? मी पडले! माझा हक्क आहे!"

आणि मग ती पेटीकडे वळली. आता थांबणं तिच्या हातात राहिलं नव्हतं.

"आणि तुम्ही! काय हसताय? हो, फोटोतून हसताय ते तुम्हीच! एक दिवस मागितला होता मी, एक! तुमच्याचसाठी! आईच्या शेजारी जायचं म्हणून माझ्यासमोर रडलात, आणि पाठ फिरली की केस कापायला जातो सांगून हे उद्योग! विचारायला मी, पाया पडायला मी, आणि माती करायला तुम्ही! आता बसा त्या खड्ड्यात परक्या लोकांबरोबर! कोण शोधणार आहे तुम्हाला तिथं? मी आले तर कुठे बघून बोलू, सांगा! कुठे बघू?"

डावा पाय उजव्या पायावर. एक हात कमरेवर. कपाळावर तीन आठ्या. सभागृहातल्या प्रत्येकानं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि एकदा आपल्या तळहाताकडे. कोणी हसलं नाही. कानोको मात्र दाराशी ओक्साबोक्शी रडायला लागली.

काइचिरो गोळा उघडत होते. म्हातारी बोटं, गोळा काही उघडेना. ते दाबत होते, नखानं ओढत होते, घामाघूम झाले होते. हात रिकामा राहिला तर लोकांकडे बघावं लागेल, अशा धडपडीनं ते त्याला भिडले होते. शेवटी फुसाएनंच तो त्यांच्या हातातून हिसकावून घेतला, दोन्ही बाजूंनी दाबला आणि परत दिला. सवयच होती.

आतून सहावी निघाली. ही अजून कोणाला आली नव्हती. दारातून बाहेर धावत आलेली बाई, पायात दोन वेगवेगळ्या चपला, आणि पुढे धरलेली, वाऱ्यानं उलटी झालेली छत्री. तोंड उघडं. कोणाला तरी हाक मारत होती.

काइचिरोंनी ती बराच वेळ पाहिली. चष्मा वर केला, डोळ्यांजवळ नेली, पुन्हा लांब धरली.

"हे असं व्हायचं?" त्यांनी विचारलं.

"पाऊस असला की रोज," फुसाए म्हणाली. राग अजून ओसरला नव्हता, म्हणून ती पटापट बोलत होती. "आभाळ भरून आलेलं असायचं, छत्री दारालाच टांगलेली असायची, तरी हे तसेच निघायचे. कोपऱ्यापर्यंत धावावं लागायचं मला. भिजायचे मी. सांगून सांगून जीभ झिजली, पण डोक्यात राहील तर ना! निवृत्त होईपर्यंत एकदाही स्वतःहून छत्री नेली नाही या माणसानं."

काइचिरोंनी त्या उलट्या छत्रीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "विसरायचा नाही तो."

"काय?"

"लहानपणी आम्ही बरोबर शाळेत जायचो. आई कारखान्यात कामाला, आमच्याकडे बघायला तिला सवड नसायची. पाऊस असला की हा छत्री दारामागे लपवायचा आणि निघायचा. हळूहळू चालायचा. मी म्हणायचो, चल लवकर, तर म्हणायचा, थांब ना दादा, आई येईल. आणि ती यायची. ओरडत यायची, अशीच. हातातलं काम टाकून." त्यांनी ती छोटी बाई तळहातावर उभी करून पाहिली; ती उभी राहिली. "मला ठाऊक होतं. मी आईला सांगितलं नाही कधी. चहाडी केली असती तर ती यायची थांबली असती."

फुसाए फोटोकडे वळली.

"मुद्दाम?" ती म्हणाली.

फोटो हसत होता.

"अहो, मुद्दाम करत होतात? इतकी वर्षं?" ती ओरडायलाच निघाली होती, पण आवाज मध्येच फुटला. ती पेटीच्या कडेला धरून खाली बसली आणि रडली, सकाळपासून न रडलेलं सगळं रडली. पावसातला तो कोपरा तिला दिसत होता, आणि तिथं उगाचच बुटाची नाडी बांधत थांबलेला माणूस. दर वेळी त्याची नाडी तिथंच कशी सुटायची, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. ओगिवाराकाकूंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. इवासेनं झाकणाजवळच्या माणसांना हातानं थांबायची खूण केली.

बऱ्याच वेळानं काइचिरो काठी टेकत तिच्याजवळ आले. ती छोटी बाई त्यांनी कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि घसा खाकरला.

"एकोणपन्नासाव्या दिवशी अस्थी समाधीत ठेवतात, तेव्हा घेऊन या त्याला," ते म्हणाले. "आईच्या डाव्या बाजूला जागा आहे. पुढे तुमचीही तिथंच होईल. माझ्या मुलाला मी सांगून ठेवतो." मग म्हणाले, "जूनमध्ये येईल तो दिवस. आमच्याकडे तेव्हा पाऊस असतो. छत्री आणा."

फुसाएनं रुमालानं नाक पुसलं.

"मी आणते," ती म्हणाली. "हे विसरतील."